बेन्तो दुपारपर्यंत का उतरतो?

सकाळी चांगला भरलेला डबा दुपारी बिघडलेला निघतो, ही तक्रार जपानमधल्या आपल्या मराठी घरांत जूनमध्ये त्सुयुचा पाऊस लागला की सुरू होते आणि सप्टेंबर सरेपर्यंत चालते. लक्षणं ठरलेली. झाकण उघडलं की आतून थेंब ओघळतात. कोबीचं पाणी भातात गेलेलं असतं. भाताला आंबूस वास येतो, नाहीतर वासबिस काही नाही, नुसताच कडक झालेला असतो. मग निदानही ठरलेलं: ‘रात्रीचं शिळं होतं ना, म्हणून.’ दुसऱ्या दिवसापासून पहाटे उठून सगळं ताजं करायचा पण केला जातो, आणि डबा तरीही उतरतोच.

शिळ्यावरचा हा आळ बहुतेक वेळा खोटा असतो. इथली जपानी घरं बेन्तो, म्हणजे दुपारचा डबा, भरतात ती बव्हंशी रात्रीच्या उरलेल्यावर, फ्रीझरमधल्या भातावर आणि रविवारी करून ठेवलेल्या सुक्या भाज्यांवरच. त्यांचा डबा टिकतो, कारण त्यात पाणी नसतं आणि झाकण लावताना तो गार असतो. आपला ताजा, गरमागरम, रसदार डबा नेमका या दोन्ही बाबतींत मार खातो. नीट गरम करून, आटवून, गार केलेली कालची भाजी ही आत्ताच कढईतून उतरवलेल्या वाफाळत्या भाजीपेक्षा डब्यासाठी चांगली, असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी दोषी शोधा

डबा बिघडतो म्हणून सगळंच एकदम बदलू नका. एक-दोन दिवस भात एका डब्यात आणि भाजी दुसऱ्यात द्या. भात एकटा असूनही आंबूस निघाला, तर गोम भाताच्या भिजवण्यात किंवा गार होण्यात आहे. भात ठणठणीत आणि भाजीचा डबा ओला, तर भाजी आटलेली नव्हती. दोन्ही बरे, पण झाकणाला आतून थेंब, तर झाकण लावायची घाई झाली. आणि रिकाम्या, धुतलेल्या डब्याच्या झाकणालाच वास येत असेल, तर स्वयंपाकाला बोल लावण्यात अर्थ नाही. तो मुद्दा अगदी शेवटी घेतला आहे.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात असू द्या. वास आला तर अन्न बिघडलंय हे खरं, पण वास आला नाही म्हणजे अन्न चांगलं आहे असं नाही. हाताच्या त्वचेवरून येणारे स्टॅफिलोकॉकस जिवाणू आणि भातात वाढणारा बॅसिलस सेरिअस यांचं विष वासावरून कळत नाही, आणि ते पुन्हा गरम करूनही जात नाही. ‘ऑफिसात मायक्रोवेव्ह आहे, मारेन एक मिनिट’ हा उपाय इथे चालत नाही. म्हणूनच ओनिगिरी, म्हणजे भाताचे मुटके, उघड्या हाताने न वळता क्लिंग फिल्ममध्ये भात घेऊन वळतात.

झाकणाला आतून पाणी

गरम भातावर झाकण पडलं की वाफ कोंडते, झाकणाला लागून तिचं पाणी होतं आणि तेच भातावर टपकत राहतं. त्यात घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा आणि वर कापडी पिशवी. आतला भात तासन् तास कोमट राहतो. साधारण २० ते ५० अंश हा टप्पा जिवाणूंना फार मानवतो, आणि साडेसहाला भरून बाराला उघडलेला डबा त्याच टप्प्यात साडेपाच तास बसलेला असतो. जपानच्या आरोग्य मंत्रालयाने मोठ्या स्वयंपाकघरांसाठी घालून दिलेली शिस्त अशी आहे: शिजलेलं अन्न गार करायचं असेल तर ते ३० मिनिटांत २० अंशांच्या आसपास, किंवा ६० मिनिटांत १० अंशांच्या आसपास यायला हवं. घरी कोणी थर्मामीटर घेऊन बसत नाही, पण गार करायचं ते भराभर, एवढं त्यातून उचलायला हरकत नाही.

माझा क्रम सांगतो. उठल्या उठल्या पहिलं काम भाताचं. भात गरम असतानाच डब्यात घालायचा, दाबून नव्हे, मोकळा पसरून. गार भात गोळ्यागोळ्याने बसतो आणि मध्ये फटी राहतात. मग उघडा डबा स्टीलच्या ताटात ठेवायचा आणि ताटाखाली गोठवलेले होरेइझाई, म्हणजे जेलचे थंड पाउच. केक घेतला की दुकानदार हे फुकट देतात, त्यामुळे कुठल्याही घराच्या फ्रीझरमध्ये ते ढिगाने सापडतात. स्टील उष्णता झटकन खेचून घेतं. भाजी वेगळ्या ताटलीत पसरायची. तेवढ्यात आंघोळ, मुलांची उठवाउठव, आपला चहा होतो.

भात गार झाला का, हे वरून हात लावून कळत नाही. वरचा थर आधी गार होतो, मधला गरमच असतो. डबा उचलून तळाला तळहात लावा. तळ कोमट लागला तर अजून झाकण नाही. सकाळी तेवढा वेळच नसेल तर भाताचा थर अर्धा करा आणि उरलेला दुसऱ्या उथळ डब्यात घाला. थर पातळ झाला की गार होण्याचा वेळ बराच कमी होतो.

पिशवीत ठेवताना थंड पाउच डब्याच्या वर ठेवायचा, खाली नाही, कारण थंड हवा खाली उतरते. ऑगस्टमध्ये पारा ३५ च्या पुढे असताना यावर वाद घालू नये.

आणखी एक गफलत इथेच होते. फ्रीझरमधलं काहीतरी तसंच गोठलेलं डब्यात टाकलं की तेच बर्फाचं काम करेल आणि दुपारपर्यंत सुटेल, असा हिशेब असतो. बाजारातल्या ज्या गोठवलेल्या पाकिटांवर ‘नैसर्गिकरीत्या वितळू दिलं तरी चालेल’ अशी जपानी सूचना छापलेली असते, त्यांनाच हे लागू आहे. ती तशी खाल्ली जाणार हे धरूनच बनवलेली असतात. घरी गोठवलेली उसळ किंवा सारणाच्या वड्या यांना हा न्याय नाही. त्या सकाळी आतपर्यंत कडकडीत गरम करायच्या आणि मग गार करून भरायच्या.

भाजीला पाणी सुटतं

सगळ्यात जास्त डबे इथे बिघडतात. काम सुरू होतं ते आदल्या रात्री. उद्याच्या डब्याचा वाटा जेवायला बसण्याआधीच काढायचा. पानात वाढून, डाव चार वेळा आत-बाहेर होऊन, पातेलं तासभर ओट्यावर राहून मग जे उरतं ते ‘उरलेलं’ डब्याला नको. आधी काढलेला वाटा उथळ डब्यात, वाफ गेली की फ्रीजमध्ये. रस्सा, करी, छोले असे दाट पदार्थ मोठ्या पातेल्यात रात्रभर बाहेर ठेवणं तर मुळीच नको. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स नावाच्या जिवाणूचे बीजाणू उकळीलाही दाद देत नाहीत, आणि ४५ अंशांच्या आसपास हळूहळू निवणाऱ्या दाट करीच्या पोटात, जिथे हवा पोचत नाही, तिथे ते सुखाने वाढतात. दुसऱ्या दिवशीची करी जास्त मुरते, चविष्ट लागते, असं जपानी लोकही आपल्यासारखंच म्हणतात. पण ती मुरायची ती फ्रीजमध्ये.

सकाळी ती भाजी नुसती मायक्रोवेव्हमध्ये कोमट करून भरू नका. मायक्रोवेव्हमध्ये कडा तापतात, मधला भाग गारच राहतो, आणि पाणी जिथल्या तिथे असतं. इथली सरकारी सूचना आतून ७५ अंशांवर किमान एक मिनिट तापवण्याची आहे. त्यासाठी कढई बरी. मोठ्या आचेवर भाजी घाला आणि परतत राहा. आटली का, हे पाहायची माझी खूण सोपी आहे: उलथन्याने कढईच्या तळावर एक रेघ ओढायची. रेघेत पाणी पाझरून परत आलं तर अजून वेळ आहे. रेघ तशीच कोरडी राहिली आणि कडेने फक्त तेलाची चकाकी दिसली, की उतरवा.

एवढं करूनही कोबी, वांगं, दुधी, मशरूम गार झाल्यावर पुन्हा ओलावतात. तिथे पाणी पिणारं काहीतरी सोबतीला द्यावं लागतं. जपानी स्वयंपाकात हे काम कात्सुओबुशी करते, म्हणजे वाळवलेल्या माशाच्या पातळ कातरी. शाकाहाऱ्यांसाठी भाजून कुटलेले तीळ तितकेच कामाचे. आपल्याकडचा उपाय मात्र मला या सगळ्यांहून सरस वाटतो: भाजीला पीठ पेरायचं. रात्रीच्या कोबीत किंवा सिमला मिरचीत सकाळी दोन चमचे बेसन भुरभुरवा, थोडं तेल सोडा, झाकण ठेवून एक वाफ आणा आणि मग झाकण काढून मोकळी होईपर्यंत परता. पाणी पिठात जातं, भाजी दाणेदार होते, आणि चार घास कमी पडत असलेली भाजी दोघांना पुरते. बेसन संपलं असेल तर डाळ्याचं पीठ. ते आधीच भाजलेलं असल्यामुळे वरून टाकून नुसतं हलवलं तरी चालतं. दाण्याचं कूटही उत्तम, पण मुलांच्या डब्यात नको. शेंगदाणा हा जपानमध्ये पाकिटावर छापणं सक्तीचं असलेल्या ॲलर्जीच्या पदार्थांत मोडतो, त्यामुळे आपल्या मुलाला चालत असलं तरी बालवाडीत आधी विचारून घ्या.

फडताळातल्या दोन जपानी वस्तूंची इथे शिफारस करतो. एक किरिबोशी दाइकोन, म्हणजे मुळ्याचा वाळवलेला कीस. दहा-पंधरा मिनिटं भिजवायचा, घट्ट पिळायचा आणि मोहरी-हिंगाच्या फोडणीत परतायचा. उरलेल्या गाजर-फरसबीत मिसळला की त्यांचं पाणीही हाच ओढून घेतो. दुसरी कोया-दोफु, गोठवून वाळवलेला तोफू. तोही भिजवून पिळून, तुकडे करून, कॉर्नफ्लोअरसारख्या काताकुरिको पिठात घोळवून तेलावर खरपूस केला की डब्यातली प्रथिनांची सोय होते. दोन्ही वस्तू कोरड्या जागी महिनोन् महिने राहतात. मात्र सुपरमार्केटातलं तयार शिजवलेलं किरिबोशी घेऊ नका. त्यात बहुधा माशाचं दाशी, म्हणजे अर्काचं पाणी, असतं आणि शिवाय ते रसातच बुडालेलं असतं.

आमटी, सांबार, कढी यांना बेन्तोत जागाच नाही. त्यांच्यासाठी तोंड रुंद असलेला स्टीलचा थर्मास-डबा घ्या. आधी त्यात उकळतं पाणी घालून काही मिनिटं तापू द्या, ते ओतून टाका, आणि रटरटती आमटी आतल्या खुणेपर्यंत भरून लगेच बंद करा. अर्धाच भरलात तर लवकर निवतो. एवढी कटकट नको असेल तर रात्रीचं घट्ट वरण सकाळी कणकेत मळून टाका, ओवा-तिखट घाला, पराठे होतात.

ब्रोकोलीबद्दल एकच: उकडल्यावर गार पाण्यात बुडवू नका, आणि निथळत ठेवताना तुरा खाली, देठ वर. तुऱ्यात अडकलेलं पाणी दुपारी भाताला भेटतं. टोमॅटो धुऊन, देठाचा हिरवा चकता काढून, पुसून ठेवा. कापलेला टोमॅटो, काकडी आणि लेट्यूसची पानं उन्हाळ्यात नकोच. फोटोत छान दिसतात, तेवढंच.

भात: आंबूस आणि कडक

आंबूस भाताचं मूळ कधीकधी शिजण्याच्याही आधी असतं. रात्री राइस कुकरमध्ये तांदूळ-पाणी घालून सकाळचा टायमर लावायची सोय सगळ्यांनाच आवडते. पण जुलैच्या दमट रात्री तेच पाणी स्वयंपाकघरात सात-आठ तास कोमट बसून आंबायला लागतं. शिजल्यावर भात वरवर बरा वाटतो आणि दुपारी दगा देतो. तांदूळ धुऊन फ्रीजमध्ये भिजवा आणि सकाळी जलद मोडवर लावा, किंवा पाण्याच्या मापात धरून बर्फाचे खडे घाला. दोन-तीन वाट्या तांदळाला चमचाभर व्हिनेगर घातलं तर शिजल्यावर त्याची चवही लागत नाही आणि भात जरा जास्त तग धरतो.

उमेबोशीवर लोकांचा भलताच भरवसा असतो. भाताच्या मधोमध एक लाल खारवलेलं फळ खोवलं की झालं, असा समज आहे. त्यातलं आम्ल आणि मीठ जिथे भाताला लागतं तेवढ्यापुरताच त्याचा उपयोग. डब्याच्या कोपऱ्यातल्या शितांना त्याचा पत्ताही नसतो. त्यातून आजकाल बाजारात मिळणारी मध घातलेली, कमी मिठाची उमेबोशी जुन्या पद्धतीच्या, वजनाच्या वीसेक टक्के मीठ लावलेल्या उमेबोशीसारखी टिकाऊ नसते. वापरायचीच तर बी काढून, बारीक चिरून सगळ्या भातात कालवा.

कडक भाताचं कारण वेगळं. भात गार झाला की त्यातला स्टार्च पुन्हा आवळून बसतो, आणि हे सर्वांत वेगाने होतं ते फ्रीजच्या तापमानाला. म्हणून रात्रीचा भात फ्रीजमध्ये ठेवून सकाळी डब्यात घालणं ही कडक भाताची हमखास कृती. भात थेट फ्रीझरमध्ये जायला हवा. जेवण झालं की उरलेला भात गरम असतानाच क्लिंग फिल्ममध्ये, एकेका वाटीच्या चपट्या वड्या करून गुंडाळा, निवला की फ्रीझरमध्ये टाका. सकाळी मायक्रोवेव्हमध्ये वाफ येईपर्यंत गरम केला की तो ताज्याच्या जवळपास जातो. मग वर सांगितल्याप्रमाणे गार.

तांदळाची जातही बघा. जपानी आखूड तांदळात अमायलोज कमी, त्यामुळे गार झाला तरी तो मऊ राहतो. टोकियोच्या निशिकासाई भागातल्या भारतीय दुकानातून आणलेला बासमती पानात कितीही सुरेख लागला तरी गार डब्यात त्याच्या काड्या होतात. ऑफिसात मायक्रोवेव्ह असेल तरच तो न्या. मुलांच्या डब्याला जपानी तांदूळ, आणि त्यातही मूठभर मोचीगोमे, म्हणजे चिकट तांदूळ, घालून शिजवला तर दुपारपर्यंत मऊ. याच तांदळाचा लिंबू-मोहरीची फोडणी दिलेला भात चांगला होतो. फक्त फोडणीला साजूक तूप नको, थंडीत ते गोठून टाळूला चिकटतं.

पोळी देत असाल तर तव्यावरची पोळी फॉइलमध्ये गुंडाळू नका. जाळीवर किंवा कापडावर निवू द्या, मग घडी घालून कागदात. डब्यासाठी मला पोळीपेक्षा तिखटमिठाच्या पुऱ्या आणि बिनकांद्याचं थालीपीठ जास्त भरवशाचं वाटतं.

डबा हलतो, सगळं एकमेकांत जातं

कारण एकच, डबा मोठा आणि ऐवज कमी. बालवाडीच्या मुलाला तीनशे-साडेतीनशे मिलीलीटरचा डबा पुरतो, मोठ्यांना सहाशे ते आठशे. भात आधी, मग ज्याचा आकार बदलत नाही ते (ऑम्लेटच्या वड्या, कटलेट, पराठ्याचे रोल), मग वाटीतली भाजी, आणि उरलेल्या फटींत एदामामे (सोयाबीनचे कोवळे दाणे) किंवा ब्रोकोलीचा तुरा. अंडं घालणार असाल तर आत ओलसर राहिलेलं तामागोयाकी, म्हणजे जपानी गुंडाळी-ऑम्लेट, उन्हाळ्यात चालत नाही, पूर्ण शिजलेलंच हवं. भरल्यावर झाकण लावून डबा एकदा तिरका करून बघा.

लहान मुलांच्या डब्यात द्राक्षं आणि छोटे टोमॅटो अख्खे घालू नका, घशात अडकतात; उभे चार तुकडे करायचे. मग ओलावा येणारच, म्हणून ते वेगळ्या डबीत. वेगळ्या डबीचं दुसरंही कारण आहे. काही बालवाड्यांत हिवाळ्यात मुलांचे डबे गरम कपाटात ठेवतात आणि त्यासाठी ॲल्युमिनियमचाच डबा मागतात. त्यात भाताबरोबर फळही तापतं, आणि कोमट संत्रं कोणतंही मूल खात नाही.

धुतलेल्या डब्याला वास

झाकणाच्या खाचेतलं रबर काढून धुता का? बहुतेक घरांत ते काढलंच जात नाही, आणि त्याच्या मागे तेल, हळद, शितं आणि काळी बुरशी सगळं साठतं. टूथपिकने उचकटून काढा, साबणाने घासा आणि डब्याला चालणाऱ्या ब्लीचच्या सौम्य पाण्यात भिजवा. तरी वास गेला नाही तर रबर बदला. बरेच उत्पादक ते सुटं विकतात, अख्खा डबा टाकायची गरज नसते. डबा पूर्ण कोरडा झाल्याशिवाय झाकण लावून कपाटात ठेवू नका. देवदाराच्या वाकवलेल्या लाकडाचे मागेवाप्पा डबे भाताचा ओलावा आपणच शोषून घेतात, आणि अकिता प्रांतातल्या ओदातेचे त्यात नावाजलेले आहेत. पण ते मायक्रोवेव्ह आणि डिशवॉशरमध्ये चालत नाहीत, आणि आपल्या हळद-तेलाच्या भाज्यांनी बिनपॉलिशचं लाकूड कायमचं डागाळतं. त्यात कोरडा भात आणि लोणच्याची फोड एवढंच शोभतं.

प्लास्टिकच्या झाकणावर आणि सिलिकॉनच्या वाट्यांवर चढलेला हळदीचा पिवळा रंग घासून जात नाही. धुऊन गॅलरीत उन्हात ठेवा. हळदीचा रंग उजेडात विरतो. चांगलं ऊन असेल तर एका दुपारीत फरक दिसतो, त्सुयुत मात्र आठवडाभर वाट पाहावी लागते.